फळीच्या अलीकडचा वैद्य

हयवदनरावांनी उजव्या हाताची तीन बोटं शिवाप्पाच्या मनगटावर टेकवली, डाव्या हाताने पाठीमागच्या फळीवर ठेका धरला, आणि आतून काहीच आलं नाही. एरवी कसं, दहा-बारा ठोके झाले की फळीपलीकडे त्यांची बायको कृष्णाबाई खाकरायची. म्हणजे कळलं. मग पेटीचे कप्पे उघडल्याचा आवाज, मग खलाचा, आणि फळीखालच्या फटीतून कागदाची पुडी सरकत बाहेर यायची, तिच्यामागोमाग चार शब्दांचं पथ्य. आंबट नको. दुपारची झोप नको. ते चार शब्द हयवदनराव रोग्याला मोठ्या आवाजात सांगायचे आणि वर आपल्या पदरचे आणखी दोन घालायचे. आज त्यांनी पुन्हा ठेका धरला. शिवाप्पाचा हात हाडांवर कातडं ताणल्यासारखा झाला होता आणि सकाळच्या वेळीसुद्धा कढत लागत होता. बाहेर चिकपेटेत दुकानांच्या फळ्या निघत होत्या, कापडाच्या गाठी धपाधप उतरत होत्या, हमालांची ओरड चालली होती, त्या गोंगाटात ठोका ऐकू गेला नसेल म्हणावं तर तसंही नव्हतं, कारण कृष्णाबाई तो कानांनी ऐकतच नसे. फळीला पाठ लावून ती आत बसायची आणि ठोका तिच्या पाठीत उतरायचा. तेहेतीस वर्षं असंच चाललं होतं. हयवदनरावांनी तिसऱ्यांदा, जरा जोरातच, बोटं आपटली. आत भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज झाला, तोही पार मागे, स्वयंपाकघरात. फळीमागे कुणी नव्हतंच. "अण्णा, आज लई येळ लागला की," शिवाप्पा म्हणाला. "स्वल्प थांब," हयवदनराव म्हणाले, आणि उठले.

आता हे तेहेतीस वर्षांचं प्रकरण काय होतं, ते एकदा सांगून टाकलेलं बरं. वैद्यकी हयवदनरावांच्या घरची नव्हेच. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. वैद्यकी होती कृष्णाबाईच्या माहेरी, आनेकलला. तिचे वडील आप्पाजी म्हणजे त्या बाजूचे नावाजलेले वैद्य. त्यांना मुलगा नाही, ही एकच लेक. आप्पाजींनी तिला परकरात असताना पुढ्यात बसवली आणि तिच्या पाठीवर बोटांनी ठेके देऊन नाडी शिकवली. ही वाताची, सरपटत येते. ही पित्ताची, उड्या मारते. ही कफाची, जड पावलांनी, सावकाश. सगळी विद्या पोरीच्या पाठीत घातली आणि मग ती पाठ बंगळूरला, चिकपेटेतल्या ह्या घरात दिली. आप्पाजी वारले तशी त्यांची माणसं लेकीचं दार शोधत आली. तेव्हा हयवदनरावांचे वडील हयात होते. घरची सून परपुरुषाचा हात धरणार नाही, त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. रोगी तर दारात बसलेला. तेव्हा तिनेच तोड काढली होती: हात तुम्ही धरा, बोटांखाली जे लागेल ते तसंच्या तसं फळीवर वाजवा, बाकी मी बघते. हयवदनरावांना लहानपणी मृदंगाचा नाद होता, शिकवणी बंद पडली तरी बोटं राहिली होती. लागेल ते तसंच्या तसं वाजवणं त्यांना चांगलं जमलं. त्यातलं कळणं कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यावं असं त्यांना कधी मनापासून वाटलंही नाही. वडील वारले त्यालाही आता वीस वर्षं झाली होती. त्या दिवशी फळी काढून टाकता आली असती. पण तोवर पेठेतली माणसं हयवदनरावांच्या पाया पडू लागली होती. रस्त्यात व्यापारी टोपी काढून बाजूला व्हायचे. लग्नाच्या पंगतीत पहिलं पान त्यांचं. माणसाला एकदा पाया पडून घ्यायची सवय लागली की ती सुटते होय?

मग सरकारने कायदा केला. ज्याची नोंद नाही त्याने ह्यापुढे औषध द्यायचं नाही, दिलं तर दंड. ज्यांनी वर्षानुवर्षं वैद्यकी केली असेल त्यांनी मुदतीच्या आत अर्ज करावा, लोकांच्या शपथा जोडाव्यात, मंडळापुढे यावं. मंडळाच्या कचेरीत त्रिविक्रम होता, पलीकडच्या गल्लीतला, लहानपणी कृष्णाबाईच्याच काढ्याने विषमज्वरातून उठलेला. त्यानेच धावपळ केली. "अण्णा, काळजी सोडा, तुमची नोंद नाही होणार तर कुणाची होणार?" बावीस जणांनी शपथेवर लिहून दिलं की आम्हांला हयवदनरावांच्या औषधाने गुण आला. बावीसही जण मनापासून खरं बोलले. अर्ज कृष्णाबाईने स्वतःच्या हाताने भरला, कारण औषधांची नावं हयवदनरावांना लिहिता येत नव्हती. अर्जदाराचं नाव ह्या रकान्याशी तिचा टाक स्वल्प थांबला होता का? हयवदनराव आता आठवून आठवून बघत होते. थांबला असावा. त्यांनी तेव्हा "अगं, लिही की, हयवदन" असं म्हटलं होतं, एवढं मात्र पक्कं आठवत होतं. मंडळापुढे जायच्या दिवशी औषधांची पेटी घेऊन तीही आली. उघड्या दारापाशी बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसली. आत टेबलामागे तिघं. त्यांनी मुळ्या पुढे केल्या, बाजारातून आणून आणून त्या हयवदनरावांना ओळखू येत होत्याच. नाडीचे प्रकार विचारले, ते आदल्या आठवड्यात तिने पाठ करून घेतले होते. सगळं सुरळीत झालं. शेवटी त्यांतल्या एका म्हाताऱ्याने चष्मा पुसत सहज विचारलं, घरात आणखी कुणी औषध देतं का? मंडळी वगैरे? "छे छे," हयवदनराव म्हणाले, "ती कुटून देते एवढंच. तिला त्यातलं काही कळत नाही." तिघं हसले. हयवदनरावही हसले. दाराकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तरी त्यांना बाकाखालची तिची पावलं दिसली. ती जवळ ओढून घेतली गेली. परत येताना ती एवढंच म्हणाली, उन्हाने डोकं धरलंय. महिन्याने शिक्क्याचा कागद आला. त्रिविक्रम स्वतः घेऊन आला, हार घालून गेला. हयवदनरावांनी चौकट करून आणली आणि रोग्यांना समोर दिसावी म्हणून नेमकी त्या फळीवरच खिळा ठोकून लावली. ठोकताना ती पलीकडे बसलेली होती. ही कालची गोष्ट.

"अहो, मला नका विचारू," ती म्हणाली. ते शिवाप्पाला बाहेर तसाच बसवून आत आले होते. ती चुलीपुढे होती, भात वैरला होता, डोळे लाल नव्हते, आवाज रोजचाच होता. ती रडली असती तर हयवदनरावांना बरं वाटलं असतं. "रागावलीस का? अगं, ती एक बोलायची पद्धत असते. तिथे काय सांगणार होतो मी?" कृष्णाबाई म्हणाली, "राग कसला. राग असता तर त्याच दिवशी बसले नसते. महिनाभर बसले की नाही फळीशी? पण गुण नाही. त्या दिवसापासून तीन रोगी परत आले. तेलवाल्याची सून परत आली, तो पिराजी परत आला, आणि हा शिवाप्पा. ह्याला दिलेलं औषध तिसऱ्या दिवशी उतारा देणारच. दिला नाही. मी दोनदा बदललं. हात गेलाय माझा." मग तिने ते सांगितलं. आप्पाजींनी विद्या देताना तिच्याकडून एक वचन घेतलं होतं. येतं ते येत नाही असं म्हणायचं नाही. विद्या नाकारली की हातचा गुण जातो. "तुम्ही नाकारलीत आणि मी दारात गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे नाकारणंच की." "काहीतरी खूळ!" हयवदनराव म्हणाले, पण तेवढा जोर त्यांच्या आवाजात नव्हता. ती म्हणाली, आप्पांचाही एकदा गेला होता. कचेरीतल्या एका साहेबाला भिऊन त्यांनी विंचवाचं औषध मला ठाऊक नाही म्हणून सांगितलं. वर्षभर त्यांच्या हाताने साधी खरूज बरी होईना. शेवटी त्याच कचेरीत, त्याच साहेबापुढे जाऊन, येतं म्हणून सांगून आले, तेव्हा परत आला. जिथे नाकारलं तिथेच कबूल व्हायचं. दुसरी वाट नाही. "तिथे जाऊन सांगा, औषध ही देते. मी बसते लगेच फळीशी. शिवाप्पाला मी सोडणार नाही." भाताला उकळी आली. तिने झाकण सरकवलं आणि ती वळली. हयवदनराव बाहेर आले आणि पेटीतली सुंठीची पुडी बांधून त्यांनी शिवाप्पाच्या हातात दिली. आंबट नको, दुपारची झोप नको. शिवाप्पा चौकटीकडे बघून हात जोडून गेला.

त्यानंतरचे आठ दिवस त्यांना धड वेगवेगळे आठवत नाहीत. दिवस मोजावेत असं त्यांत काही नव्हतं. सकाळी सोप्यावर बसायचं, माणसं यायची, चौकट वाचायची, हात पुढे करायची. हयवदनराव आठवणीने पुड्या द्यायचे. खोकल्याला ज्येष्ठमध, पोटाला ओवा. हे तर कुणाचीही आजी देते. काहींना बरंही वाटायचं. जे आपोआप बरे होणारच होते ते बरे होत होते आणि पाया पडून जात होते, आणि हयवदनराव पाय मागे घेत होते. शिवाप्पा एक दिवसाआड येत होता. तो मूळचा निपाणीकडचा, येलहंक्याच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर, बायको गावी. सहा आठवडे संध्याकाळी ताप भरत होता, डाव्या बरगडीखाली ओढ लागत होती, अन्न जात नव्हतं. मोठ्या दवाखान्यात तो आधीच जाऊन आला होता. तिथे दाखल व्हा म्हटल्यावर पळाला, कारण त्याचा थोरला भाऊ दाखल झाला होता तो परत आलाच नव्हता. "तिकडेच जा रे बाबा," हयवदनराव म्हणाले, "तिथे यंत्रं असतात, आतलं दिसतं." शिवाप्पाने त्यांचा हातच धरला. "अण्णा, मला टाकू नगासा. तुमची सही चालती आता सरकारात, मग औषीद चालायचं न्हाई व्हय?" सही खरंच चालत होती. रजेसाठी कारखान्याला दाखला हवा होता, हयवदनरावांनी नोंदणीचा आकडा घालून कागदावर सही केली, आणि कारखान्याने पंधरा दिवसांची रजा चूपचाप दिली. ताप असा शब्द त्यांनी त्या दाखल्यात लिहिला होता. कसला ताप ते लिहायला त्यांनी जागा सोडली होती. ती कुणी विचारली नाही.

रिकामं झालं की ते फळीवर बोटं टेकवून बसायचे. त्यांना शिवाप्पाच्या नाडीची घडण आता पाठ झाली होती. दोन भरभर, एक अडखळता, मग जरा लांब पोकळी, आणि त्या पोकळीत काहीतरी कापल्यासारखं. त्यांची बोटं ते सगळं हुबेहूब वाजवून दाखवू शकत होती. पण म्हणजे काय? तेहेतीस वर्षं त्यांनी हजारो माणसांचं आतलं ह्या बोटांनी ऐकलं होतं. कोण जगणार, कोण जाणार, ते ह्या बोटांतून वाहून पलीकडे गेलं होतं. पोस्टमनने पत्रं वाटावीत आणि त्याला अक्षर येऊ नये, तसंच आपलं झालं, असं त्यांना वाटलं आणि स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी बोटं काखेत दाबून धरली. एकदा, लग्नाला दोन वर्षं झाली असतील, त्यांनी तिला विचारलं होतं, मला शिकवशील का? ती हरखून गेली. तिने त्यांची पाठ आपल्याकडे वळवून घेतली आणि बोटांनी ठेके दिले. ही सरपटते. ही उड्या मारते. त्यांना गुदगुल्या झाल्या, ते हसत सुटले, तीही हसली, आणि शिकणं तिथेच राहिलं. तेव्हा हसू आवरलं असतं तर? पण त्या वयात कोण आवरतं! तेव्हा वाटलं होतं, आहे की ही, जन्मभर आहे. जन्मभर होतीच ती. आताही दोन हातांवर होती, तांदूळ निवडत होती, विचारलं की उत्तर देत होती. फक्त फळीशी बसत नव्हती.

कचेरीत जायला ते का कचरत होते? तुरुंगाची भीती होती का? होती थोडी. पण रात्री नव्हे, भर दुपारी, सोप्यावर एकटे बसले असताना त्यांना स्वच्छ दिसलं की भीती ती नव्हे. पंगतीतल्या पहिल्या पानाची ती भीती होती. चौपन्नाव्या वर्षी वैद्यपण काढून घेतलं तर खाली काय उरणार? ज्याच्या बोटांना ठेका धरता येतो असा एक माणूस. हे कळल्यावर त्यांना उगाचच हसू आलं. आणि त्याच दुपारी शिवाप्पा आला तो भिंत धरून आला. कट्ट्याच्या तीन पायऱ्या चढायला त्याने तीनदा दम खाल्ला. बसल्यावर म्हणाला, "अण्णा, बायकोला बोलवून घेऊ का?" साधंच विचारलं त्याने, गावी पत्र टाकू का म्हणून विचारावं तसं. हयवदनराव उठले ते तडक आत गेले. "चल," ते म्हणाले, "लुगडं बदल. कचेरीत जाऊ." कृष्णाबाईने त्यांच्याकडे बघितलं. तेहेतीस वर्षांत तिने त्यांच्याकडे असं बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तिने नवी नव्हे पण धुतलेली इरकली नेसली, केसांत दोन शेवंतीची फुलं खोवली, आणि दारातून जाताना शिवाप्पाला म्हणाली, "तू इथेच पड हो. आम्ही आलोच. आल्यावर औषध देते." देते, म्हणाली. शिवाप्पाला काय कळणार त्यातलं! हयवदनरावांना मात्र रस्ताभर तो एक शब्द ऐकू येत राहिला आणि उन्हातसुद्धा हलकं हलकं वाटत राहिलं.

त्रिविक्रम त्यांना बघून खुर्चीवरून उठला. "या अण्णा, या अक्का!" हयवदनराव बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगून टाकलं, बसलो तर बोलवणार नाही असं त्यांना वाटलं. औषध मी देत नाही. कधीच दिलं नाही. ही देते. माझं नाव काढा आणि हिचं घाला. त्रिविक्रम आधी हसला. मग त्याने उठून दार लोटलं. "अण्णा, हळू. काय बोलताय काय तुम्ही?" त्याच्या कपाळावर घाम आला होता. अर्जाची तपासणी त्याच्याच सहीने झालेली होती. पण दार पुरतं लागलं नव्हतं आणि पलीकडे मोठे साहेब बसत. आवाज त्यांच्यापर्यंत गेला. ते बाहेर आले, शांत, वयस्क, कन्नडात मृदू बोलणारे. वाईट माणूस असता तर फार सोपं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फाईल मागवली, पानं उलटली. म्हणाले, "बाईंचं नाव आता घालता येत नाही, राव. मुदत संपली. मुदत असती तरी शपथा सगळ्या तुमच्या नावाच्या. आणि हे बघा, तुम्हीच मंडळापुढे सांगितलंय, घरात दुसरं कुणी औषध देत नाही. ते लिहून घेतलंय." "ते खोटं होतं," हयवदनराव म्हणाले. साहेबांनी फाईल मिटली. "मग मला पोलिसात कळवावं लागेल. शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे. तुमच्यावर खटला होईल. बावीस जणांनाही बोलावतील. आणि ह्या बाईंवर वेगळा, नोंद नसताना औषध दिलं म्हणून. मला हे करायला आवडणार नाही. पण ऐकलं न ऐकलं करता येत नाही मला." त्यांनी पंख्याकडे बघितलं, मग कृष्णाबाईकडे. "अम्मा, तुम्ही सांगा. हे म्हणतात ते खरं आहे का? रोग्यांना औषध तुम्ही देता?"

हेच तर ऐकायला ते आले होते. हेच ते दार होतं आणि हाच तो बाक. आता तिने हो म्हणायचं, की झालं! हयवदनराव तिच्याकडे वळले, तोंड भरून हसले सुद्धा. कृष्णाबाई साहेबांकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, त्यांच्या कपाळाकडे, डोळ्यांखाली, ओठांच्या कडांकडे, रोगी बघावा तशी. मग तिने पदर सावरला आणि स्वच्छ कन्नडात म्हणाली, "ह्यांचं पित्त चढलंय, साहेब. आठ दिवस झोप नाही. असलं काही काही बोलतात. घरी नेते मी ह्यांना." "म्हणजे औषध तुम्ही देत नाही?" "नाही." "तुम्हांला वैद्यकी येते?" "नाही, साहेब. मला त्यातलं काही कळत नाही." "खोटं बोलते आहे ती!" हयवदनराव ओरडले. "अहो, हिनेच... त्रिविक्रम, तुला हिनेच उठवला रे!" त्रिविक्रम खाली मान घालून लिहीत होता. साहेबांनी पाण्याचा पेला मागवला, स्वतःच्या हाताने त्यांच्या हातात दिला, खांद्यावर थोपटलं. म्हणाले, फार काम पडतं तुम्हां लोकांना, स्वल्प विश्रांती घ्या. बाईने केलेलं निदान त्यांनी एका क्षणात मानलं होतं. हयवदनराव पाणी प्याले. ते गार होतं, गळ्यातून खाली जाताना बरं वाटलं. आणि त्या पाण्याबरोबर त्यांच्या सगळ्या अंगात जे सैल सैल पसरत गेलं ती सुटका होती, हे त्यांना लपवता आलं नाही, निदान स्वतःपासून तरी. आपण सुटलो. वैद्य राहिलो. ह्या माणसाला लाज कशी वाटली नाही म्हणाल, तर वाटली, पण जिना उतरल्यावर.

रस्त्यावर ऊन तसंच होतं. ती त्यांच्या दोन पावलं मागून येत होती. ते थांबले की थांबत होती. "अगं, का?" शेवटी त्यांनी विचारलं. "कशाला म्हणालीस तसं? जाऊ दिलं असतंस मला." "तुरुंगात तुमचं पथ्य कोण सांभाळणार होतं? तिथे चिंच घालतात सगळ्यात," ती म्हणाली. ते हसले नाहीत. तिनेही हसवायला म्हटलं नव्हतं. "आणि त्या बावीस माणसांना ओढत नेलं असतं. त्यांनी काय केलं होतं?" एक बैलगाडी लुगड्यांच्या गाठी घेऊन गेली. ती जाईपर्यंत दोघं दुकानाच्या सावलीला उभी राहिली. मग हयवदनरावांनी ते विचारलं, विचारू नये ते. "शिवाप्पाला काय देशील?" कृष्णाबाईने हात पदराखाली घेतले. "तेव्हा तुम्ही म्हणाला होतात. आता मी माझ्या तोंडाने म्हटलं," ती म्हणाली. "आता काही नाही राहिलं हो माझ्याकडे." हे सगळं खूळ आहे, आप्पाजी म्हातारे होते, मंत्रानं येत नाही आणि शब्दानं जात नाही, असं काहीतरी तिला समजावून सांगायला हयवदनरावांनी तोंड उघडलं. पण त्यांना दिसलं की तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलासुद्धा ती हात बाहेर काढत नव्हती.

शिवाप्पा कट्ट्यावर तसाच पडून होता. त्यांना बघून तो उठायला लागला. कृष्णाबाई त्याच्या बाजूने खाली मान घालून आत गेली, सोपा ओलांडून, फळीपाशी न थांबता, पार मागे. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. शिवाप्पा सरकत सरकत सोप्यावर आला, चौकटीखाली बसला, आणि कुणी न सांगता त्याने हात पुढे केला. हयवदनरावांनी तो घेतला. तीन बोटं टेकवली. दोन भरभर, एक अडखळता, मग पोकळी, आणि ती पोकळी आज परवाच्यापेक्षा लांब होती. "काय म्हणती, अण्णा?" शिवाप्पाने विचारलं. हयवदनरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. "चालू आहे," ते म्हणाले. "चालू हाय म्हंजे झालं की!" शिवाप्पा म्हणाला, आणि किती दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं. त्याने फळीला डोकं टेकलं, डोळे मिटले. पेठेत दुपारची सामसूम झाली होती. हात सोडला की काहीतरी सांगावं लागलं असतं, म्हणून हयवदनरावांनी तो सोडला नाही.